ताणावर उभी असलेली पेशी

शालेय पुस्तकातील पेशीचे चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. बाहेर एक वाटोळी रेषा, मध्यभागी केंद्रक, भोवती पेशीद्रव्य आणि त्यात तरंगणाऱ्या तंतुकणिका. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. ते पाहून विद्यार्थ्याच्या मनात पेशी म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, अशी समजूत रुजते आणि पुढे अनेकांच्या मनातून ती आयुष्यभर जात नाही. पिशवीला स्वतःचे बळ नसते. ती कोणाला धरून ठेवत नाही, कोणाला ओढत नाही. प्रत्यक्षात आपल्या त्वचेखालील, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील, भरत आलेल्या जखमेतील पेशी आपल्या पायाखालचा आधार घट्ट धरतात आणि तो आपल्याकडे ओढत राहतात. ही ओढ ज्या धाग्यांनी साधली जाते, त्यांना आपण ‘ताणतंतू’ म्हणू. या ताणतंतूंची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आम्ही इतिहासाचे अध्यापक आहोत. विज्ञानाच्या प्रांतात आमचा अधिकार मर्यादित आहे, याची जाणीव ठेवूनच हा विषय निवडला. निवडण्याची कारणे दोन. पहिले असे की, डोळ्यांना दिसणारी एक गोष्ट खरी की भासमान, हा वाद विज्ञानात कसा लढला जातो आणि पुराव्याने कसा मिटतो, याचा हा उत्तम नमुना आहे. दुसरे कारण घराघराशी संबंधित आहे. भाजलेला हात बरा झाला, कातडी आली, आणि तरीही काही महिन्यांनी बोटे आखडली, असे उदाहरण नसलेले गाव विरळा. ‘जखम भरली, मग हात का आखडला?’ या प्रश्नाचे उत्तर या धाग्यांत आहे.

धाग्याचा शोध

ताणतंतूचा मुख्य घटक म्हणजे ॲक्टिन नावाचे प्रथिन. त्याचा शोध दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, हंगेरीतील सेगेड या विद्यापीठाच्या गावी लागला. तेथे आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांची प्रयोगशाळा होती. त्यांना 1937 साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. स्नायू आकुंचन कसा पावतो, या प्रश्नाकडे ते पुढे वळले. मायोसिन हे स्नायूतील प्रथिन त्यापूर्वीच, 1864 मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी वेगळे केलेले होते. सेगेडमध्ये इलोना बांगा या संशोधिकेसह काम करताना असे आढळले की, स्नायूचा अर्क थोड्या वेळात काढला तर तो पातळ असतो आणि रात्रभर ठेवून काढला तर घट्ट व चिकट होतो. हा फरक कशाने पडतो, याचा माग त्याच प्रयोगशाळेतील ब्रुनो स्ट्राउब या तरुण संशोधकाने काढला. रात्रभरात मायोसिनसोबत आणखी एक प्रथिन अर्कात उतरत होते. मायोसिनला सक्रिय करणारे म्हणून त्याला ॲक्टिन हे नाव मिळाले. ते वर्ष होते 1942. युद्धामुळे हे संशोधन उर्वरित जगापर्यंत पोहोचण्यास काही वर्षे लागली.

ॲक्टिनचा एक रेणू म्हणजे 375 अमिनो आम्लांची घडी घातलेली साखळी. असे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन, पीळ दिलेल्या सुतळीसारखा धागा तयार होतो. त्याची जाडी सुमारे 7 नॅनोमीटर. असे साधारण दहा हजार धागे शेजारी शेजारी ठेवले, तर डोक्यावरील एका केसाएवढी रुंदी भरेल. या धाग्याचे वैशिष्ट्य असे की, तो कायमचा नसतो. त्याच्या एका टोकाला नवे रेणू जोडले जात असतात आणि दुसऱ्या टोकाचे सुटत असतात. धागा तोच दिसतो, पण त्यातील रेणू बदलत राहतात.

1954 साली ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी, आणि स्वतंत्रपणे ॲण्ड्र्यू हक्सली व रोल्फ नीडरगेर्के यांनी, स्नायूच्या आकुंचनाचे कोडे उलगडले. स्नायू आखडतो तेव्हा धागे स्वतः आखूड होत नाहीत. ॲक्टिनचे धागे आणि मायोसिनचे धागे एकमेकांवरून सरकतात. मायोसिनच्या रेणूला डोक्यासारखा भाग असतो. तो ॲक्टिनला पकडतो, खेचतो, सोडतो आणि पुन्हा पुढे पकडतो. या प्रत्येक खेचण्यासाठी एटीपी या रेणूतील ऊर्जा खर्च होते. आपल्या क्रीडामहोत्सवातील रस्सीखेच डोळ्यांसमोर आणावी. दोर आखूड होत नाही, पण हातामागून हात टाकत खेळाडू तो आपल्याकडे आणतात. मायोसिन हा असाच खेळाडू आहे.

स्नायूपलीकडे

दीर्घकाळ असे मानले जात होते की, ॲक्टिन आणि मायोसिन ही स्नायूंचीच मालमत्ता आहे. हा समज प्रथम जपानमध्ये हलला. 1966 साली हातानो आणि ओसावा या संशोधकांनी ओलसर जागी वाढणाऱ्या एका श्लेष्मकवकातून ॲक्टिन वेगळे केले. ज्या जीवाला स्नायूच नाही, त्याच्यात स्नायूचे प्रथिन सापडले. 1969 मध्ये इशिकावा, बिशॉफ आणि होल्टझर यांनी मायोसिनचा तुकडा वापरून एक सुंदर कसोटी योजली. हा तुकडा ॲक्टिनच्या धाग्यावर बाणाच्या टोकांसारखा ओळीने बसतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकात ॲक्टिन ओळखता येते. त्यांना स्नायू नसलेल्या कित्येक पेशींत असे बाण दिसले.

आता जुन्या नोंदींकडे पुन्हा लक्ष गेले. 1924 मध्येच वॉरेन लुईस आणि मार्गारेट लुईस या दांपत्याने काचेवर वाढवलेल्या जिवंत पेशींमध्ये सरळ, ताठ रेषा पाहिल्या होत्या आणि त्यांचा संबंध ताणाशी जोडला होता. त्या रेषा कशाच्या आहेत, हे मात्र पन्नास वर्षे कोणाला सांगता आले नाही. 1974 साली एलियास लॅझरिडीस आणि क्लाउस वेबर यांनी ॲक्टिनला चिकटणारी, चमकणाऱ्या रंगाने माखलेली प्रतिपिंडे वापरून पेशींची छायाचित्रे घेतली. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर पेशीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेल्या तेजस्वी सरळ दोऱ्या दिसल्या. लुईस दांपत्याने पाहिलेल्या रेषा ॲक्टिनच्या होत्या. पुढे एका अत्यंत विषारी अळंबीतील फॅलॉइडिन हे द्रव्य ॲक्टिनच्या धाग्याला घट्ट चिकटते असे कळले आणि त्याला चमकणारा रंग जोडून ताणतंतू पाहणे सोपे झाले. माणसाचा जीव घेणारे विष अभ्यासकाच्या हाती दिवा झाले.

दोरीची रचना

एका ताणतंतूत ॲक्टिनचे साधारण 10 ते 30 धागे एकत्र बांधलेले असतात. त्यांना जागोजागी बांधून ठेवण्याचे काम अल्फा-ॲक्टिनिन हे प्रथिन करते. दोन बांधणींच्या मधल्या भागांत मायोसिन असते. म्हणजे दोरीच्या लांबीवर बांधणी आणि खेचणारे यांचे पट्टे एकाआड एक येतात. स्नायूतही अशीच पट्ट्यांची रचना असते. परंतु तेथे ती काटेकोर असते, येथे थोडी विस्कळीत.

दोरीचे टोक जेथे संपते, तेथे पेशी आपल्या आधाराला घट्ट चिकटलेली असते. या जागी इंटिग्रिन नावाची प्रथिने पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली असतात. त्यांचे बाहेरचे टोक भोवतालच्या तंतुमय जाळ्याला धरते आणि आतले टोक टॅलिन, व्हिन्क्युलिन इत्यादी प्रथिनांच्या मार्फत ॲक्टिनला जोडलेले असते. तंबूची उपमा येथे योग्य ठरेल. तंबूचे कापड म्हणजे पेशीचे आवरण, तणावे म्हणजे ताणतंतू आणि जमिनीत ठोकलेल्या मेखा म्हणजे या चिकटण्याच्या जागा. मेखा उपटल्या तर तणावे लोंबतात. तणावे कापले तर मेखा निरर्थक ठरतात.

उपमेची मर्यादाही लक्षात घ्यावी. तंबूच्या तणाव्याला बाहेरून कोणीतरी ताण द्यावा लागतो. ताणतंतू स्वतःच स्वतःला ताणतो. शिवाय तंबूची मेख ताण वाढला की सैल होते. पेशीची ‘मेख’ मात्र ताण मिळाला की मोठी व मजबूत होत जाते. टॅलिनचा रेणू ओढला गेला की त्याच्या घड्या उलगडतात, आत दडलेल्या जागा उघड्या पडतात आणि तेथे व्हिन्क्युलिन येऊन जोडले जाते. ओढीनेच पकड पक्की होते. याउलट मायोसिनचे काम औषधाने बंद पाडले, तर थोड्याच वेळात ताणतंतू विरघळतात आणि मोठ्या पकडीही नाहीशा होतात.

पेशी हे तंतू उभारण्याचा निर्णय कसा घेते, हे 1992 साली लंडनमध्ये ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी दाखवले. ऱ्हो नावाचे एक छोटे प्रथिन त्यांनी शांत स्थितीतील पेशींत टोचले आणि काही मिनिटांतच त्या पेशी ताणतंतूंनी भरून गेल्या. बाहेरून येणारा संदेश आणि आतील दोऱ्या यांच्यामधील कळ सापडली.

खरे की भासमान?

आता त्या वादाकडे वळू. काही अभ्यासकांनी रास्त शंका घेतली. पेशी शरीरात मऊ जाळ्यात राहतात. प्रयोगशाळेत आपण त्यांना काचेच्या कठीण, सपाट तळावर ठेवतो. मग या दोऱ्या म्हणजे काचेने पेशीवर लादलेली विकृती तर नव्हे? मऊ जेलीसारख्या पदार्थात ठेवलेल्या पेशींत हे तंतू कमी व बारीक दिसतात, ही गोष्ट शंकेला बळ देणारी होती.

उत्तर शरीरातूनच मिळाले. 1983 च्या सुमारास रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या पेशी प्राण्याच्या शरीरात जागच्या जागी तपासल्या गेल्या. तेथे ताणतंतू होते आणि ते रक्ताच्या प्रवाहाच्या दिशेने मांडलेले होते. जेथे प्रवाहाचा जोर अधिक तेथे ते अधिक. रक्तदाब वाढलेल्या उंदरांत तर निरोगी उंदरांपेक्षाही जास्त. ताणतंतू काचेने निर्माण केलेले नव्हते. ते जेथे भार आहे तेथे उभे राहतात. काचेचा कठीण तळ हा भाराचाच एक प्रकार होता. शंका घेणारेही चूक नव्हते. त्यांच्या शंकेमुळेच ‘ताणतंतू आहेत की नाहीत’ हा प्रश्न मागे पडून ‘ते केव्हा आणि कोठे असतात’ हा अधिक मोलाचा प्रश्न पुढे आला. इतिहासाच्या अभ्यासात साधनांची चिकित्सा जे काम करते, तेच येथे घडले.

सुरकुत्यांची साक्ष

ताणतंतू दिसले, परंतु ते खरोखर ओढतात काय? 1976 मध्ये जर्मन संशोधकांनी लेसर किरणाने पेशीतून ताणतंतू कापून वेगळे काढले आणि त्यांना एटीपी दिले. पेशीबाहेरही ते तंतू आकुंचन पावले.

जिवंत पेशीची ओढ डोळ्यांना दिसण्यासाठी 1980 साली अमेरिकेतील अल्बर्ट हॅरिस, पॅट्रिशिया वाइल्ड आणि डेव्हिड स्टॉपॅक यांनी विलक्षण सोपी युक्ती केली. सिलिकॉन तेलाच्या थरावरून त्यांनी क्षणभर ज्योत फिरवली. त्यामुळे वरचा भाग पातळ पापुद्र्यासारखा घट्ट झाला आणि खाली तेल तसेच राहिले. जशी तापवलेल्या दुधावर साय. या सायीवर त्यांनी संयोजी ऊतीतील फायब्रोब्लास्ट या पेशी सोडल्या. बोटाने साय ओढावी तशा पेशीखाली सुरकुत्या पडल्या. पेशीची ओढ प्रथमच उघड्यावर आली.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. चालण्यासाठी पेशी ओढते, असे आपल्याला वाटेल. परंतु वेगाने फिरणाऱ्या पेशींची ओढ कमकुवत आणि संथ फायब्रोब्लास्टची ओढ प्रचंड निघाली. चालण्यासाठी एवढ्या बळाची गरज नव्हती. मग हे बळ कशासाठी? हॅरिस आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी दाखवले की, फायब्रोब्लास्ट आपल्या ओढीने भोवतालचे कोलॅजनचे तंतू गोळा करतात, एका दिशेने लावतात आणि त्यांच्या दोऱ्या वळतात. शरीरातील बंध आणि आवरणे घडवण्यासाठी हे बळ आहे. पेशी नुसती घरात राहत नाही. ती घर बांधते.

जमीन चाचपणारी पेशी

ओढण्याने पेशीला आणखी एक गोष्ट साधते. अंधारात आपण भिंत हाताने दाबून पाहतो. कुडाची आहे की दगडाची, हे तिने दिलेल्या विरोधावरून कळते. पेशीही आधाराला ओढून त्याचा कठीणपणा जाणते. 1997 साली पेलहॅम आणि वांग यांनी कमीअधिक घट्ट जेलवर पेशी वाढवल्या. मऊ जेलवर पेशी कमी पसरल्या, त्यांच्या पकडी अस्थिर राहिल्या. घट्ट जेलवर त्या पसरल्या आणि पक्क्या बसल्या. रसायन तेच, फरक केवळ कठीणपणाचा.

2006 मध्ये ॲडम एंग्लर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी याहून मोठी गोष्ट दाखवली. अस्थिमज्जेतील मूलपेशी त्यांनी तीन प्रकारच्या जेलवर ठेवल्या. मेंदूसारख्या मऊ, म्हणजे 1 किलोपास्कलपर्यंतच्या जेलवर त्या चेतापेशींसारखे वळण घेऊ लागल्या. 8 ते 17 किलोपास्कलच्या जेलवर स्नायूपेशींसारखे. आणि 25 ते 40 किलोपास्कलच्या घट्ट जेलवर हाड घडवणाऱ्या पेशींसारखे. मायोसिनची ओढ औषधाने बंद केली, तेव्हा ही निवडच थांबली. पेशीला आपली जमीन ओढल्यावाचून कळत नाही आणि जमीन कळल्यावाचून आपण काय व्हावे हे ठरत नाही.

तुटणे आणि सांधणे

सतत ताणलेली दोरी कधीतरी तुटणारच. 2006 मध्येच संजय कुमार व सहकाऱ्यांनी जिवंत पेशीतील एकच ताणतंतू लेसरने कापून पाहिला. कापताच दोन्ही टोके झटकन मागे सरली आणि मग हळूहळू स्थिरावली. तंतूत आधीपासून ताण साठलेला होता, याची ही थेट साक्ष. मऊ आधारावरील पेशीत तर एक तंतू कापल्याने संपूर्ण पेशीचा आकार बदलला. कारण एकाचा भार इतरांवर गेला.

पेशीत नैसर्गिकरीत्याही तंतू विरतात. 2010 साली मेरी बेकर्ली यांच्या गटाने दाखवले की, ताणतंतू एखाद्या जागी अकस्मात विरळ झाला, तर झायक्सिन नावाचे प्रथिन तेथे धावून येते, पाठोपाठ अल्फा-ॲक्टिनिन येते, नवे ॲक्टिन भरले जाते आणि तंतू पुन्हा भार पेलू लागतो. ज्या पेशींत झायक्सिन नसते, तेथे अशा जागी तंतू तुटून जातो. ताणतंतूचे बळ तो न तुटण्यात नाही. वेळेवर सांधला जाण्यात आहे.

जखम भरल्यानंतर

आता आरंभी मांडलेल्या प्रश्नाकडे येऊ. 1971 साली जिनिव्हा येथे ज्युलिओ गॅब्बियानी आणि सहकाऱ्यांनी भरत आलेल्या जखमेतील ताज्या, लालसर ऊतीत वेगळ्याच पेशी पाहिल्या. त्या फायब्रोब्लास्टच होत्या, परंतु त्यांच्यात स्नायूसारखे जाड तंतू होते. त्यांना आज मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. जखम झाली की फायब्रोब्लास्ट तेथे येतात, कोलॅजन टाकतात आणि ते ओढू लागतात. ओढीने भोवतालचे जाळे घट्ट होते. घट्ट जाळ्यावर त्यांचे ताणतंतू आणखी जाड होतात. त्यांत गुळगुळीत स्नायूंत आढळणारे ॲक्टिनही भरले जाते आणि ओढ आणखी वाढते. जखमेच्या कडा याच बळाने जवळ येतात. हे बळ नसते, तर मोठ्या जखमा मिटण्यास फारच अवघड गेले असते.

काम संपल्यावर या पेशींनी निवृत्त व्हावे, अशी शरीराची योजना आहे. जखम मिटली की त्यांपैकी बहुतेक स्वतःहून नष्ट होतात. परंतु खोल भाजण्यात, वारंवार चिघळलेल्या जखमेत, त्या दीर्घकाळ टिकून राहतात आणि ओढत राहतात. वरून कातडी आलेली असते, खपली पडलेली असते, घरच्यांना वाटते बरे झाले. आत मात्र रस्सीखेच चालूच असते. व्रण जाड आणि ताठ होतो. तो सांध्यावर असेल, तर सांधा आखडतो. फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड यांच्या काही दीर्घ आजारांत अवयव आतून कठीण होत जातो, तेथेही याच पेशींचा मोठा वाटा असतो.

म्हणूनच भाजलेल्या रुग्णाला दवाखान्यातून घरी पाठवताना सांध्याला आधारपट्टी, रोजचा व्यायाम, दाब देणारे घट्ट कपडे असे उपाय सांगितले जातात आणि ते कित्येक महिने चालू ठेवण्यास बजावले जाते. कारण व्रण पक्का होण्यास वर्ष वा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. रुग्णाला बोटे मिटून, कोपर दुमडून, मान झुकवून ठेवले की बरे वाटते. पण ज्या स्थितीत आराम वाटतो, त्याच स्थितीत सांधा आखडतो. लेकरू रडते म्हणून आईने पट्टी सोडून ठेवली, तर त्यात तिच्या मायेचा दोष नाही. जखम मिटल्यानंतरही आत ओढ चालू असते, हे तिला कोणी समजावून सांगितलेले नसते.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज परिचारिका, आरोग्यसेवक, शिक्षक म्हणून गावोगावी काम करीत आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, उपाय सांगताना त्यामागील कारणही सांगावे. ‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून पट्टी बांधा’ असे म्हटले, तर ती आठ दिवस राहते. ‘कातडीखाली अजून दोऱ्या ओढल्या जात आहेत, त्या थांबेपर्यंत आपल्याला हात सरळ धरून ठेवायचा आहे’ असे म्हटले, तर ती महिनोन्‌महिने टिकण्याची शक्यता वाढते. आणि पालकांना एवढेच सांगणे आहे की, कातडी आली म्हणून दवाखान्याची वाट बंद करू नये. मुलाचा हात उघडतो आहे ना, मूठ वळते आहे ना, हे दर आठवड्याला पाहावे आणि फरक दिसताच तो डॉक्टरांना दाखवावा.